कुट्टीच्या पेटीतला फ्यूज

दबोरा शिरूरची. वडील अब्राहाम शाळेतून निवृत्त झालेले, आई नव्हती. कारेगावच्या एका लहानशा कारखान्यात ती सर्किट बोर्डांची रचना करायची. वैरण बारीक कापणाऱ्या कडबाकुट्टीच्या मोटारीला जोडायची पेटी तिथं तयार होत असे. बटण दाबलं की पेटीतला बोर्ड मोटार चालू करायचा.

पहिल्या पेट्यांत काचेचा फ्यूज होता. गोठ्यात वायर कुठंतरी घासायची, उंदीर कुरतडायचे आणि फ्यूज उडायचा. नवा आणायला कोण जाणार? लोक तिथं तांब्याची तार गुंडाळायचे आणि मग सगळा बोर्डच जळायचा. जळलेल्या पेट्या पोत्यानं परत यायच्या. कारखान्याचे मालक सत्यजीत यांनी दबोराला यावर उपाय काढायला सांगितलं.

तिनं बोर्डावर सपाट बसणारा, ज्वारीच्या दाण्याएवढा फ्यूज निवडला. जास्त करंट आला की तो तापतो आणि वाट अडवतो. थंड झाला की पुन्हा वाट मोकळी करतो. बदलायची गरजच नाही, त्यामुळं पेटी कायमची बंद करून टाकता आली. टेबलावर तिनं तो कितीदा तरी तापवून पाहिला. दर वेळी तो आपला आपण सावरायचा, आणि तिला फार बरं वाटायचं. पेट्या परत येणं जवळजवळ थांबलं. सत्यजीतनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

पुढच्या उन्हाळ्यात मांडवगण फराटा गावच्या दुकानदारानं एक पेटी परत पाठवली. सोबत निरोप होता, की या मशिनीत एका बाईचा हात गेलाय. दबोरानं पेटी टेबलावर जोडली. पेटी व्यवस्थित चालली. बोर्ड ठीक, फ्यूजही ठीक. मग तिचं लक्ष बटणाकडं जाणाऱ्या वायरीकडं गेलं. एका जागी वरचं प्लास्टिक घासून तांबं उघडं पडलं होतं. फ्यूजनं काय केलं असेल ते तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती मांडवगणला गेली. ताईबाई पत्र्याच्या पडवीत बसल्या होत्या. उजव्या हाताला बँडेज, अंगठा तेवढा बाहेर दिसत होता. त्यांची सून करुणा पाणी घेऊन आली. काय झालं ते ताईबाईंनीच सांगितलं. कुट्टी चालता चालता थांबली, मशीनच्या तोंडाशी वैरणीचा घास अडकलेला. गोठ्यातला बल्ब चालू होता, म्हणून मशीनच बिघडलं असं त्यांना वाटलं. अडकलेली वैरण त्या ओढायला लागल्या, तेवढ्यात लाईटही गेली.

"मंग म्या हात आजून आत घातला," ताईबाई म्हणाल्या. "मशीन बंद, लाईट न्हाई. भ्यायचं कशाला? लाईट आली आन् ते फिरलंच. माजंच चुकलं बाई, बटण बंद कराया पायजे व्हतं."

दबोराला गप्प बसता आलं असतं. ती म्हणाली, "तुमचं चुकलं नाही, मावशी. वायर घासली म्हणून पेटीतल्या फ्यूजनं मशीन थांबवलं. लाईट होती तोवर तो तापलेलाच राहिला. ती गेल्यावर थंड झाला, आणि बटण चालूच होतं म्हणून लाईट येताच मशीन सुरू झालं. जुना फ्यूज असता तर तो जळून तसाच राहिला असता. हा मी बसवलाय."

करुणानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"हे मला कशाला सांगितलंस?" ताईबाई म्हणाल्या. "माजं चुकलं म्हनून गप पडून व्हते मी. आता काय करू?"

दबोरा उठून निघाली.

कारखान्यात तिनं सगळं सांगितलं. सत्यजीत वाईट माणूस नव्हते. नव्या पेट्यांत त्यांनी बदल करू दिला. एकदा थांबलेली मोटार आता बटण पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नव्हती. फ्यूज तोच राहिला, त्यात दोष नव्हताच. पण आधी विकलेल्या पेट्या कुठल्या गोठ्यांत आहेत, हे दुकानदारांनाही सांगता येईना. सत्यजीत म्हणाले, जेवढ्या सापडतील तेवढ्या बदलून देऊ.

रविवारी चर्च सुटलं की दबोरा पिशवीत बोर्ड भरून निघायची. शिरूरची गावं झाली, मग भीमा ओलांडून दौंडकडची. काहींनी बदलून घेतलं. बरेच जण म्हणायचे, चाललंय ते कशाला उघडता? नदीपलीकडच्या हरिबा नावाच्या म्हाताऱ्यानं तर तिला पेटीला हातच लावू दिला नाही. जुन्या पेटीनं त्याला रडवलं होतं, ही एकदाही अडली नव्हती. तिनं ताईबाईंची बोटं कशी गेली ते सांगितलं.

"आमी हात घालत न्हाई," हरिबा म्हणाला. त्याच्या मागं त्याची नात वैरणीचा भारा कुट्टीकडं नेत होती.

त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही. अब्राहाम तिच्याजवळ येऊन बसले. तू चांगल्यासाठीच केलंस, देवाला ते ठाऊक आहे, असं ते म्हणाले. आपण दोघं प्रार्थना करू, असंही म्हणाले.

"काय मागू, पप्पा?" ती म्हणाली. "त्यांची बोटं मागू?"

अब्राहामांनी डोळे मिटले.

पावसाळ्यात रस्ते खराब झाले तसं तिचं जाणं कमी झालं, आणि पुढं थांबलं. बोर्डांची रचना तिनं सोडली. आता ती त्याच कारखान्यात आलेला माल तपासते. ताईबाईंच्या गाई विकल्या गेल्याचं तिला दुकानदाराकडून कळलं. करुणाचा फोन कधीमधी येतो. दबोरा नाव बघते आणि फोन वाजू देते.