तिसऱ्या प्रकरणातल्या लाल ओळी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझी मैत्रीण वैशाली लॅपटॉपसमोर बसली होती. डोकावले तर तिच्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण लाल झालेलं. चोरलेला मजकूर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल होता तो. हे प्रकरण तिने मिठागरातल्या बायकांमध्ये बसून, त्यांचं बोलणं ऐकून लिहिलेलं. आणि मूळ स्रोत कोणता दाखवत होता? तिच्याच मार्गदर्शक सरांचा गेल्या वर्षी छापून आलेला लेख.

“तपासायला म्हणून दिलं होतं गं त्यांना,” ती म्हणाली.

“मग तक्रार कर ना!”

“आणि प्रबंधावर सही काय तू करणारेस? सर म्हणतात, माझा संदर्भ टाक, विषय संपला. नाही टाकला तर चौकशी, नोंदणी रद्द.”

म्हणजे चोर ठरणार ही! कायद्यात लिहिणाऱ्याचा हक्क असतो म्हणे. पण तो मागायला जाणारीने आधी पदवीवर पाणी सोडायचं. आजवर मी तळटिपांना प्रामाणिकपणाची खूण समजत होते. आता जाडजूड पुस्तक उघडलं, की खालच्या बारीक अक्षरांतली नावं पाहून संशय येतो, यात ऋण किती आणि खंडणी किती?

वैशालीने स्वतःच्याच वाक्यांना अवतरणचिन्हं घातली, खाली सरांचं नाव टाकलं आणि पुन्हा तपासायला दिलं. लाल रंग गेला. सॉफ्टवेअरच्या मते तिचा प्रबंध आता प्रामाणिक होता.