काविळीवरची ताडी
एसटीत कुणाच्या पिशवीतून ताडीचा आंबूस वास आला, की माझं डोकं फिरतं. वडिलांना कावीळ झाली होती, धुळ्याला दवाखान्यात होते. दारूचा थेंबही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी साक्रीकडून वडिलांचे थोरले भाऊ, आमचे नाना, ताडीची बाटली घेऊन आले. काविळीच्या माणसाला भेटायला आमच्याकडे ताडी नेतात, फळं न्यावीत तशी. पहाटे झाडावरून उतरवली तेव्हा ती गोड असेलही. पण एसटीतल्या उन्हात दुपारपर्यंत तिची दारू झाली होती. झाकण फिरवताच फस्सकन फेस उसळून चादरीवर सांडला. "नाना, आंबलीय ही, देऊ नका!" मी ओरडलो. "हाई झाडनं पानी शे, दारू नही," म्हणत त्यांनी पेला वडिलांच्या तोंडाला लावला. आई उलट मलाच म्हणाली, "मोठ्यांपुढे आवाज चढवू नको." त्यानंतर वडिलांच्या उलट्या थांबल्याच नाहीत, त्याच आठवड्यात ते गेले. दहाव्याला नाना चारचौघांत हळहळत होते, "ताडी पाजाले उशीर व्हयना." म्हणजे, ताडी पाजायला उशीर झाला म्हणून! नाना अजून ठणठणीत आहेत. सणावाराला आई मला त्यांच्या पाया पडायला लावते, आणि मी दातओठ खात वाकतो.