चौथा महिना, बारा सह्या

बाईंचं खरं नाव नेमणूकपत्रावर तेवढं उरलं होतं. शाळेत त्या ‘कशावरूनबाई’. सातवी-आठवीला भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवताना कुणी काही ठासून बोललं, की त्यांचा खडू फळ्यावर थांबे आणि त्या एवढंच विचारत, “कशावरून?” पृथ्वी गोल आहे? कशावरून? अमुक देशातली माणसं आळशी असतात? कशावरून? तू जाऊन आलास? मग कोणी सांगितलं, आणि त्याला कोणी? घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा नवरा दुकानात येईल त्याला सांगायचा, “लग्नाआधी मी हिला म्हटलं, तू मला आवडतेस. तर म्हणाली, कशावरून? सव्वीस वर्षं पुरावे गोळा करतोय.”

राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरांना पहिल्यांदा संशय येतो की मोठी माणसं थापा मारतात, आणि त्याच वेळी त्यांना गप्प केलं की ती जन्माची गप्प बसतात, असं बाईंचं ठाम मत होतं. हे मत त्या शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्यांदा ऐकवत, की मधल्या सुट्टीत बरेच जण आपला चहा उचलून व्हरांड्यात जाऊन प्यायचे.

त्या वर्षी त्यांच्या आठवीचा दूरच्या एका देशातल्या वर्गाशी पत्रव्यवहार सुरू झाला. नियम बाईंचा. तुम्ही काय खाता, काय नेसता, असले प्रश्न बाद. “ते पुस्तकात छापलंय. जे फक्त त्यांनाच ठाऊक असेल ते विचारा.” मुलांनी विचारलं, तुमच्या वर्गाच्या खिडकीतून काय दिसतं आणि तुमची शाळा झाडतं कोण. तिकडून उत्तर आलं, ते मुलांनी शब्दकोश उघडून दोन तास खपून वाचलं. शेवटी त्यांचाही एक प्रश्न होता. तुम्ही शाळेत पाणी पिता ते चांगलं आहे हे तुम्हाला कसं कळतं? त्यांच्या गावात दोन वर्षांपूर्वी पाण्यानं मुलं आजारी पडली होती, आणि सगळे कागद मात्र पाणी उत्तम असल्याचं सांगत होते.

“आपलं चांगलंच असणार,” कुणीतरी म्हणालं. बाईंनी नुसती भुवई उचलली. वर्ग हसला आणि टाचणी उठून उभी राहिली. टाचणी म्हणजे वर्गातली सगळ्यात किडकिडीत मुलगी. बोलायची कमी, पण बोलली की टोचायचं. ती तिघांना घेऊन व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या नळाशी गेली.

नळाशेजारी खिळ्याला एक पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं होतं. शाळेतलं प्रत्येक माणूस दिवसातून चारदा त्याच्यासमोर ओंजळ धरून उभं राहायचं, आणि ते कुणीही वाचलेलं नव्हतं. बारा महिन्यांच्या बारा चौकटी, प्रत्येकीत ‘पाणी तपासले’ आणि खाली सही. शाळेचा चौथा महिना चालू होता. सह्या बारा होत्या.

मुलांनी उत्तर लिहिलं. “आमचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. टाकी शेवटची कधी धुतली ते शिपाईकाकांना आठवत नाही. तपासणीच्या कार्डावर अजून न आलेल्या आठ महिन्यांच्याही सह्या आहेत. म्हणून आमचं पाणी चांगलं आहे की नाही, हे आम्हाला माहीत नाही.”

बाईंनी ते उभ्या-उभ्या वाचलं, मग खुर्ची ओढून परत वाचलं. लाल पेनाचं टोपणसुद्धा निघालं नाही. नोकरीचं सार्थक झालं, असं त्यांना वाटलं. शाळेच्या शिक्क्यासाठी पत्र मुख्याध्यापकांकडे द्यायचं होतं, ते त्यांनी स्वतः नेऊन दिलं.

दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. मुख्याध्यापक कधी आवाज चढवत नसत, आणि बाईंना त्याचाच जास्त संताप यायचा.

“पत्र छान आहे, बाई. फक्त शेवटच्या ओळी बदलून घ्या. पाणी दरमहा तपासलं जातं, असं लिहायला सांगा.”

“तपासलं जातं का, सर?”

“कार्ड आहे ना.”

“त्या कार्डावर पुढच्या परीक्षेपर्यंतचं पाणी तपासून झालंय.”

“मुलं आहेत हो. आणि ती बारकी मुलगी, तिने आमच्या कारकुनाला तोंडावर विचारलं, पाणी कुठे तपासायला दिलं, कागद दाखवा. उद्या सकाळी रांगेसमोर तिने त्यांची माफी मागायची.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढची दहा मिनिटं त्या एकट्याच बोलत होत्या. “माफी तिने मागायची? ज्याने या सह्या ठोकल्या त्याला उभा करा रांगेसमोर. चारशे पोरांच्या पोटात काय जातंय याची ज्याला फिकीर नाही, असला निगरगट्ट माणूस शाळेत हवा कशाला?”

मुख्याध्यापकांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग खण उघडला आणि कार्ड टेबलावर ठेवलं. “सही वाचा, बाई.”

शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. सव्वीस वर्षं हजारो वह्यांखाली ओढलेली तीच शेपटी, बारा वेळा.

मग त्यांना आठवलं. आरोग्य समितीच्या प्रमुख म्हणून कागदावर त्यांचं नाव होतं. सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी कारकून कागदांची चळत घेऊन आला होता. “सगळ्या एकदमच करून टाका, बाई. दर महिन्याला तुमच्या मागे कुठे लागू?” त्या वेळी त्या नव्या पुस्तकातल्या एका चुकीच्या नकाशावरून शिक्षकांची खोली डोक्यावर घेत होत्या. एका हाताने नकाशा नाचवत दुसऱ्या हाताने त्यांनी सह्या केल्या होत्या. बोलणं क्षणभरही थांबवलं नव्हतं.

“मुलांनी सही कोणाची ते लिहिलेलं नाही,” मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले. “समजूतदार आहेत. तुम्हीही समजून घ्या. प्रकरण इथेच मिटेल.”

बाईंनी कार्ड आणि पत्र दोन्ही उचललं, पर्समध्ये कोंबलं आणि बाहेर पडल्या.

संध्याकाळी घरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच होत होता. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“सही तुझीच?”

“माझीच.”

“मग चिडलीयेस कोणावर?”

“सगळ्यांवर. त्या कारकुनावर. गोड बोलून पांघरूण घालणाऱ्या त्या माणसावर. माझ्यावर तर आहेच. आणि पोरांवर.” त्यांनी झाकण आपटलं. “दीड वर्षं रोज वहीत ती सही बघतात ती. नळापाशीच ओळखली असणार. ओळखली आणि मूग गिळून बसली. साऱ्या जगाला प्रश्न विचारायला शिकवलं मी त्यांना, आणि ती काय शिकली? बाई सोडून सगळ्यांना.”

“तू आवडतेस गं त्यांना.”

कशावरून, हा शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला. त्या दिवशी नवऱ्यानेही पुढे थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी रांगेची घंटा व्हायच्या आधीच त्यांनी आठवीचा वर्ग भरवला. पत्र टाचणीच्या बाकावर ठेवलं.

“यात एक गोष्ट लिहायची राहिलीय.”

पुढच्या बाकावरची मुलं आपल्या चपलांकडे बघू लागली. टाचणीने मान वर केली. “राहिली नाही, बाई. ठेवली आम्ही.”

“का?”

“तुम्हाला बोलले असते सगळे.”

“आणि दूषित पाणी काय माझी भीड ठेवणार होतं?” बाईंचा आवाज एवढा चढला की शेजारच्या वर्गातली कुजबुज बंद पडली. “रोज तेच पाणी तुम्ही पिता. मीसुद्धा पिते. आज रांगेसमोर माफी मागायची आहे, पण ती तू नाही, मी मागणार. आणि मागताना हे पत्र वाचून दाखवणार, पूर्ण. लिही. त्या बाराही सह्या आमच्या बाईंनी एकाच दिवशी, न बघता केल्या.”

टाचणीने पेन उचललं, पण टेकवलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हनुवटी मात्र ताठ होती.

“कशावरून तुमच्याच?” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणी तुमच्यासारख्या केल्या असतील.”

ती अजूनही बाईंना वाचवत होती, आणि तेही बाईंच्याच शब्दाने. बाईंना तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. पर्समधलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं, खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात आपली सही केली. शेपटी लांब ओढली.

बाहेर रांगेची घंटा झाली. कुणी जागचं हललं नाही. टाचणी कार्ड घेऊन फळ्याशी गेली, बाराही चौकटी एकेक करून पडताळून पाहिल्या, आणि मग बाकावर येऊन लिहायला बसली.