भिंतभर कलबुतं

बूटवाल्या काकांच्या दुकानात शिरलं की समोरची भिंत पावलांनी भरलेली दिसायची. ती कलबुतं, गिऱ्हाइकांच्या पायाबरहुकूम कोरलेले लाकडी साचे. एकावरही नाव नव्हतं. कोणतं कुणाचं, ते काकांच्या डोक्यात. काकू शेजारी बसून वरची शिवण घालायच्या आणि चाळीस वर्षं एकच टुमणं लावायच्या, "अहो, निदान चिठ्ठ्या तरी डकवा." काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एका सकाळी चामडं कापता कापता काका कलंडले. इस्पितळातून आले ते उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. एकच शब्द उरला, "उद्या". पाणी हवं तरी उद्या, दिवा लावायचा तरी उद्या. "जन्मभर गिऱ्हाइकांना तेच तर सांगितलंय," काकू आल्यागेल्याला सांगायच्या. सांगताना हसू यायचं, पण टिकायचं नाही.

वरच्या घराचा जिना चढवेना म्हणून काकांची खाट दुकानातच टाकली. पोस्टातल्या बाई आल्या. त्यांचा एक पाय दोन बोटं आखूड, आणि बूट उसवलेला. काकूंनी अंदाजाने सात-आठ कलबुतं काढून खाटेवर मांडली. काकांनी डाव्या हाताने चाचपत एक धरून ठेवलं.

"हेच ना?"

"उद्या."

"अहो, मान तरी हलवा."

काकांनी डोळे मिटून घेतले. काकूंनी त्याच कलबुतावर नवा बूट बांधला. चौथ्या दिवशी बाई टाचेला फोड घेऊन परत आल्या. "तुमची चूक नाही, काकू. काका आत काहीतरी घालायचे. काय, ते मी कधी विचारलं नाही." काकूंनीही कधी विचारलं नव्हतं.

पुढे कॉलेजातली एक मुलगी वही घेऊन आली. समाजशास्त्र शिकत होती. जुन्या धंद्यांची नोंद करायची म्हणाली. पानावर दोन रकाने होते. "भौतिक म्हणजे वस्तू, काकू. आणि अभौतिक म्हणजे कसब, रीत, ठोकताळे. जे हातात धरता येत नाही ते."

पहिला रकाना दुपारपर्यंत भरला. तीनशे बारा कलबुतं, आऱ्या, हातोड्या, चामडं कापायची कात्री. दुसऱ्यासाठी काकूंनी खाटेकडे बोट केलं.

मुलगी तासभर काकांच्या उशाशी बसली. काका सांगत होते. कधी सावकाश, कधी चिडून, डाव्या हाताची दोन बोटं टाचेखाली तिरकी धरून, "उद्या... उद्या, उद्या." ते सगळं सांगताहेत, हे काकूंना कळत होतं. काय सांगताहेत, ते कळत नव्हतं.

मुलीने शेवटी लिहिलं, 'माहिती मिळाली नाही.'

"असं नको गं लिहूस."

"मग काय लिहू, काकू?"

काकूंनी खाटेकडे पाहिलं. मुलीने पेन देऊन पानाच्या तळाशी बोट ठेवलं, तिथे त्यांनी सही केली. काकांचं सांगणं अजून चालूच होतं.