आयरनी आणि सोनलचा चेहरा

बाकीच्यांच्या ऑफिसात जुन्या फायली साठतात, आमच्याकडे किस्से साठतात. फायली निदान रद्दीवाला तरी नेतो! हे किस्से सांगायला जावं तर समोरचा म्हणतो, "काहीही काय सांगतेस!" पण अंधेरीच्या एका गाळ्यात पॉप गाण्यांचे व्हिडिओ बनवणारी आमची छोटीशी कंपनी आहे आणि तिथे कपड्यांचं खातं माझ्याकडे आहे. मी टाके घालते, थापा मारत नाही.

*

आमचा डिरेक्टर निनाद, मुलुंडचा. इतका सालस की आईला विचारल्याशिवाय घरात उशीची खोळ घेणार नाही. पण त्याच्या प्रत्येक गाण्यात एक गाडी, एक हिरो आणि गाडी धुणाऱ्या सहा पोरी! मग एकदा कॉमेंट्समध्ये बायकांनी त्यालाच असा धुतला की विचारू नका. निनाद हादरला. कुठल्याशा वर्कशॉपला जाऊन आला आणि येताना उपरोधासाठी एक इंग्रजी शब्द घेऊन आला. आयरनी!

पुढच्या गाण्यात तीच गाडी, तोच हिरो, त्याच सहा पोरी. मी म्हटलं, "अरे, मग बदललं काय?"

"ताई, आता आपण हे मुद्दाम करतोय!"

"म्हणजे इतके दिवस चुकून होत होतं?"

निनादने सगळ्यांसाठी चहा मागवला.

*

त्याच शूटला पोरी एसीत कुडकुडत होत्या. मी म्हटलं, "निनाद, आयरनीच आहे तर चोळ्या दोन इंच वाढवू का रे?"

"नको ना ताई! मग आपण टीका करतोय हे लोकांना कळणार कसं?"

आमची असिस्टंट डिरेक्टर ऋतुजा पक्की फेमिनिस्ट. तेव्हापासून मी हातात टेप घेतली की ती विचारते, "ताई, आज टीका किती इंचांची?"

*

ऋतुजा एकदा हट्टालाच पेटली. एक शॉट हिरोचाही तसाच घ्यायचा! ओला बनियन, हातात स्पंज, गाडीवर ओणवा आणि कॅमेरा मागून. हिरो खूश. दोन दिवस जेवला नाही म्हणे, पोट दिसू नये म्हणून.

शॉट झाला. तो धावत मॉनिटरपाशी आला, पाहिलं आणि पडलाच चेहरा. "अरे यार, यात मी कुठेय? नुसती पाठच दिसतेय!"

"आयरनी आहे ती," ऋतुजा म्हणाली.

"आयरनी गेली खड्ड्यात! माझी आई बघणार आहे हे!"

शॉट उडाला. मागच्या रांगेत नाचणारी सोनल केस पुसत माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, याला एका शॉटमध्येच कळलं गं!"

*

ही सोनल घाटकोपरची. आमच्याकडे कितीतरी गाणी नाचली, पण चेहरा एकातही नाही. कधी पाठ, कधी पाय, कधी हिरोच्या खांद्यामागचे केस. तिला मोठ्या डान्स ग्रुपमध्ये जायचं होतं आणि तिथे पहिला प्रश्न तोच, चेहरा दिसेल अशी क्लिप आहे का? "माझ्याकडे सगळं आहे ताई," ती म्हणायची, "मानेच्या वरचं सोडून!"

नवं गाणं आलं की तिची आई शेजारपाजार गोळा करायची. एकदा मीही होते.

"ही का गं तू?"

"नाही आई, ती शीतल."

"मग ही?"

"थांब ना... ही! ही कंबर माझी."

आईने व्हिडिओ थांबवला. चष्मा लावून नीट पाहिलं आणि शेजारणींना म्हणाली, "कंबर झकास आलीय हो!" सगळ्या हसल्या, मीसुद्धा हसले. मग तिने पडद्यावर बोट टेकवून विचारलं, "आणि पुढे दिसशील ना गं?"

*

मग निनादने खास बायकांचं गाणं काढलं. मनोरीच्या समुद्रकिनाऱ्यावर शूट. प्रत्येक पोरीने तोंडासमोर आरसा धरायचा. का, तर बघणाऱ्याला त्यात स्वतःची नजर दिसावी! सोनलला तर अख्खा क्लोजअप मिळाला. आरशाचा.

एडिटला बसल्यावर कळलं की वाट लागलीय. आरशांत समुद्रही नाही आणि आभाळही नाही. आमचं युनिट! छत्री धरलेला लाइटमन, वडापाव खाणारा कॅमेरामन. आणि सोनलच्या क्लोजअपमध्ये स्वतः निनाद, टोपीसकट, मन लावून बघतोय. पुसायला वेळ नव्हता.

"राहू दे," निनाद म्हणाला. "आयरनी आहे ती."

आणि काय सांगू, त्याच शॉटचं कौतुक झालं! 'पुरुषी नजरेला रंगेहाथ पकडणारा आरसा' असं कुणीतरी लिहिलं. ऋतुजाने ते वाचलं आणि दोन मिनिटं डोकं टेबलावर ठेवलं.

*

अंधेरीतल्याच एका हॉलमध्ये त्या गाण्याचा शो ठेवला, नंतर चर्चा. हॉल बायकांनी भरलेला. सोनल आईला घेऊन आली होती. माझ्याच शेजारी बसल्या दोघी.

स्टेजवर एक प्राध्यापक बाई बोलत होत्या. "या आरशामागच्या स्त्रीला चेहरा नाही. तेच तिचं बळ आहे! कोण आहे ती?"

सोनलने हात वर केला. माइक आला. बिचारी उभी राहिली, ओढणी सारखी केली. "मॅडम, ती मी आहे."

बाईंचे डोळे भरून आले. "वा! किती साध्या शब्दांत सांगितलंस!"

"नाही मॅडम, म्हणजे खरंच मी. तो पिवळा घागरा..."

पण टाळ्यांत ते कुणाला ऐकूच गेलं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई उठली, "ती मीही आहे!" मागून दुसरी, "मीसुद्धा!" सोनलच्या हातातला माइक पुढे गेला तो गेलाच. रांगेमागून रांग उठत होती. सोनल आईचा हात धरून उभीच.

सगळ्यात शेवटी माइक निनादकडे गेला. तो उठला, टोपी काढली.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "ती मीच आहे."

सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या.