काढ्याने न गेलेला खोकला

"आंटीजी, रिपोर्ट में टीबी आया है," डॉक्टर म्हणाल्या. पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस, म्हणजे फुफ्फुसांचा क्षय. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर मी पर्स ठेवली होती.

"खाँसी कब से है?"

"दो महीने से."

"तो दो महीने क्या करती रहीं?"

काढा पीत होते. पण ते सांगायची मला लाज वाटली.

लग्न करून मी नागपूरहून भोपाळला आले. हे कारखान्यात फोरमन. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कुणाला सर्दी झाली की आमची बेल वाजायची. सुंठ, मिरी, तुळस, गवती चहा, वरून गूळ. लोकांना बरं वाटायचं, मलाही. निवृत्तीनंतर आम्ही अवधपुरीत फ्लॅट घेतला. तीन वर्षांपूर्वी हे गेले. मुलगी पुण्यात नोकरी करते.

खोकला लागला तेव्हा थंडी होती. धुळीचा असेल, म्हटलं. हळदीचं दूध घेतलं, वाफ घेतली. संध्याकाळी अंगात कसर यायची. ब्लाउज सैल झाले. एकट्या माणसाला जेवण जात नाही, तसंच असेल, अशी मी मनाची समजूत घातली. घरात दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं.

शेवटी दवाखान्यात गेले, थुंकीची तपासणी झाली, एक्स-रे झाला. रिपोर्ट सांगून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोण?

"कोई नहीं," म्हणाले आणि गुड्डी आठवली.

गुड्डी शेजारच्या मीनाची पाच वर्षांची मुलगी. मीना ऑफिसातून येईपर्यंत ती माझ्याकडे असायची. बाहेरून आल्यावर हात धुवायचे, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या, हे मीच तिला शिकवलं होतं. आणि रोज दोन-तीन तास, बंद खिडक्यांच्या खोलीत, तिच्या शेजारी बसून खोकत होते.

मास्क लावून मीनाची बेल वाजवली. दारातूनच सगळं सांगितलं. "गुड्डी की जाँच करवा लो, बेटा. कल ही."

ती म्हणाली, "आप तो सबको दवा बताती थीं, आंटी." आणि दार लावून घेतलं.

गुड्डीच्या तपासण्यांत काही निघालं नाही. खबरदारी म्हणून तिला औषध सुरू केलं. हे मला मीनाने नाही, गोळ्या देणाऱ्या आरोग्यसेविकेने सांगितलं. त्या दिवशी मी देवासमोर बसून रडले.

उपचार सहा महिने चालले. गोळ्यांनी मळमळायचं. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली आणि मी घाबरले. विचारणार कुणाला? शेवटी त्या सेविकेलाच फोन केला. गोळ्यांमुळेच होतं, म्हणाली. मुलगी आठवडाभर येऊन गेली. ती गेल्यावर खिडक्या उघड्या टाकून बसायचे. भिंतीपलीकडून गुड्डीच्या गुळण्यांचा आवाज यायचा. बाजाराच्या दिवशी मी मास्क लावून बिट्टन मार्केटला भाजी आणायला जायचे, तेवढंच चार माणसांशी बोलणं.

तुम्ही हे वाचत असाल तर सांगते. काढा जरूर घ्या, मी अजूनही घेते. हात धुवा, खोलीत हवा खेळू द्या, दोन वेळा नीट जेवा, एकटे असलात तरी. पण खोकला दोन आठवड्यांवर गेला तर स्वयंपाकघरात उत्तर शोधू नका. सरळ दवाखाना गाठा.

शेवटची तपासणी स्वच्छ आली. "अब आप ठीक हैं," डॉक्टर हसून म्हणाल्या. बाहेर येऊन मुलीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती.

बाकावर एक बाई बसली होती. हातात नवा रिपोर्ट, मास्क डोळ्यांतल्या पाण्याने भिजलेला. सोबत कुणी नव्हतं. मला घरी जाता आलं असतं.

मी तिच्याजवळ बसले. "मुझे भी यही था," म्हटलं. "आज ही छुट्टी मिली."

तिने माझा हात धरला. तिचा नंबर येईपर्यंत मी तो सोडवून घेतला नाही.