वस्तादांची काळी हळद

झाडासमोर दंड थोपटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या गल्लीतले वस्ताद. जन्मभर तालमीत पोरांना कुस्ती शिकवून गुडघे गेले, तेव्हा त्यांनी परसातल्या फणसाखाली काळी हळद लावली. कंद गगनबावड्याच्या एका पावण्यानं दिला होता. रुंद पानं, त्यांच्या मधोमध जांभळट काळा पट्टा. सावलीतलं झाड, ऊन सोसत नाही. वस्तादांना झाडातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पैलवानातलं कळत होतं, म्हणून त्यांनी झाडालाही तसाच खुराक लावला.

सकाळी म्हशीचं दूध आणि वाटलेले बदाम. पानांना तेलाचं मालीश. बुंध्याशी तालमीच्या हौद्यातली तांबडी माती. दुपारी फणसातून उन्हाची एक तिरीप खाली यायची, तर हे छत्री धरून उभे! "पैलवान तापला की दम जातुया," म्हणायचे. मालीश चालू असताना कुणी नुसतं डोकावलं तरी खेकसायचे, "नजर लावू नगा की!"

माझे वडील, आण्णा, कुंपणाला टेकून हे सगळं बघायचे. एक दिवस त्यांना राहवलं नाही. "वस्ताद, दूध पिऊन हळद जगती व्हय? वरीसभर टिकली तर मी मिशी उतरवतो."

"आन न्हाय टिकली तर माझी!"

आता वस्तादांची मिशी म्हणजे काय सांगू! लग्नपत्रिका द्यायला येणारे आधी तिच्याकडे बघायचे, मग वस्तादांकडे. पंच म्हणून दोघांनी मला नेमलं. मी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला होते. ज्ञान चिमूटभर, रुबाब पायलीभर.

जानेवारीत पानं पिवळी पडली, फेब्रुवारीत नुसती माती उरली. वस्तादांचं जेवणावरचं मन उडालं. शेवटी त्यांनीच मला हाक मारली. "बाळ, तू शिकल्याली हाईस. बघ की, जीव हाय का ह्येच्यात?"

मी मातीत बोट खुपसलं, हात झटकले आणि म्हटलं, "मेलंय, काका."

त्यांनी कुंपणाशी उभ्या आण्णांचा हात, जिंकलेल्या पैलवानाचा करतात तसा, धरून वर केला आणि तडक न्हाव्याकडे गेले. परत आले तेव्हा गल्लीतलं कुत्रं त्यांच्यावर भुंकलं. आम्ही हसणार होतो, पण त्यांचे डोळे भरलेले दिसले. "मिशीचं काय न्हाय," म्हणाले, "ह्येला मी हातानं चोळलं हुतं." त्या दिवशी आण्णाही नीट जेवले नाहीत.

जूनमध्ये त्याच मातीतून जांभळे कोंब वर आले. मी धावत लायब्ररी गाठली. पुस्तकात सरळ लिहिलं होतं की पानं दर वर्षी वाळतात, कंद जमिनीत झोपतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका भल्या माणसाची मिशी मी फुकट घालवली होती! रडतच वस्तादांकडे गेले. माझ्यामागून आण्णा आले, हातात दाढीचं सामान घेऊन. शब्दाला पक्का माणूस.

"काका, चुकलं माझं. ते मेलं नव्हतं."

वस्तादांनी आधी कोंबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि गरजले, "आण्णा, त्यो वस्तरा घरात न्हेऊन ठेवा! पंचानं निकाल दिला, कुस्ती संपली. निकाल फिरवत न्हाईत."

"पण काका, झाड जिवंत आहे की!"

"ते मेलं. ही त्येची ल्येक."

पुढची दहा-बारा वर्षं वस्ताद हेच सांगत राहिले. जानेवारीत गल्लीभर खबर द्यायचे, "गेली बिचारी." जूनमध्ये पेढे वाटायचे, "ल्येक झाली!" मिशी त्यांनी परत ठेवली नाही. मी हट्ट धरला तर म्हणायचे, "हारल्याल्या गड्यानं मिशी ठेवायची व्हय?"

आता मी कॉलेजात बॉटनी शिकवते. काळी हळद हिवाळ्यात मरत नाही, झोपते, हे पोरांना फळ्यावर आकृती काढून सांगते. पण वस्ताद होते तोवर आमच्या गल्लीत असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझा निकाल खोटा पडला असता ना!